किरकोळ कापलं आणि घरात पट्टी नाही: हाताशी असलेल्या वस्तूंनी काय करावं, काय टाळावं

निरगाठ (धागाकर्ता)

चाकू, ब्लेड, पत्र्याची धार, फुटलेली काच. कापतं तेव्हा प्रथमोपचार पेटी घरात नसते, किंवा असते आणि आतली चिकटपट्टी सुकून गेलेली असते. अशा वेळी घरातल्या वस्तूंनी काय करता येतं ते एका जागी असावं म्हणून हा धागा. विषय फक्त किरकोळ जखमांचा. रक्ताची चिळकांडी उडत असेल किंवा जखम आ वासून उघडी दिसत असेल तर घरी काही करत बसू नका, दाबून धरा आणि निघा.

शोधाशोध सुरू करण्याआधी जखमेला काय हवं ते पाहू. आधी दाब, मग धुणं, मग तिला न चिकटणारं आवरण, आणि ते आवरण जागेवर धरून ठेवणारं काहीतरी. पहिल्या दोन कामांना हात आणि नळ पुरेसे आहेत. बहुतेक जण नेमकं उलट करतात: रक्त वाहत असताना पट्टीसाठी कपाटं उघडत फिरतात.

दाब असा द्यावा. धुतलेला सुती रुमाल, फडकं, टी-शर्टची बाही, जे स्वच्छ असेल त्याची तळहाताएवढी जाड घडी करा. जखमेवर ठेवून सरळ खाली दाबा. जखम हाताला असेल तर हात छातीच्या वर धरा. आता घड्याळ बघून १० मिनिटं दाब सोडायचा नाही. दर मिनिटाला कापड उचलून "थांबलं का" बघणं ही सर्वात मोठी चूक आहे. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) कापलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी जमून बूच तयार करतात, त्यावर तंतूंची जाळी विणली जाते. कापड उचललं की ते कोवळं बूच कापडाबरोबर निघून येतं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून.

दुसऱ्या माणसाची जखम दाबत असाल तर हातात मोजा घाला. मोजा नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा.

सुईदोरा

चांगला धागा. दाबाबद्दल एक भर घालते. कापड रक्ताने भिजलं तर ते न काढता त्यावर दुसरं ठेवा, हे बरोबर. पण दुसरंही भिजलं तर तिसरं, चौथं रचत जाऊ नका. थर वाढले की दाब पसरतो आणि नेमक्या जागी पोचत नाही. अशा वेळी सगळं काढा, रक्त कुठून येतंय ती जागा बघा आणि नव्या छोट्या घडीने बोटांच्या टोकांनी तिथेच दाबा. पुन्हा १० मिनिटं. या दुसऱ्या फेरीनंतरही वाहत असेल तर ती जखम किरकोळ नाही.

डोक्याच्या आणि ओठाच्या जखमांतून आकाराच्या मानाने फार रक्त येतं, कारण तिथे रक्तपुरवठाच भरपूर असतो. रक्त बघून घाबरू नका, जखम किती लांब आणि खोल आहे ते धुतल्यावर कळतं.

बोटाला दोरी किंवा रबरबँड आवळून रक्त थांबवायचा प्रयत्न मात्र करू नका. अर्धवट आवळलेल्या दोरीने रक्त परत जायची वाट बंद होते, यायची चालू राहते, आणि बोट सुजून रक्त उलट वाढतं.

पाणपोई

आता धुण्याबद्दल, कारण जखम चिघळेल की नाही ते इथे ठरतं.

पिण्याजोगं नळाचं पाणी पुरेसं आहे. साध्या जखमा अशा पाण्याने धुतल्या काय आणि दवाखान्यातल्या सलाइनने धुतल्या काय, जंतुसंसर्गाच्या प्रमाणात फरक पडत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. नळाखाली ५ मिनिटं धरा. पाणी कोमट असेल तर चरचर कमी होते आणि माणूस हात मागे घेत नाही. साबण जखमेच्या भोवतीच्या कातडीला लावा, आत चोळू नका.

पाणी पिण्याजोगं नसेल तर खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळू द्या आणि झाकण ठेवून निववा. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. या पाण्यात मीठ घातलं तर ते कमी झोंबतं: १ लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दीड चहाचे चमचे. यापेक्षा खारट करू नका, जास्त मिठाने जास्त स्वच्छ होत नाही, फक्त आग होते. उरलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या.

माती, खडी किंवा बारीक काच अडकली असेल तर नुसती धार पुरत नाही, थोडा जोर लागतो. त्यासाठी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीच्या झाकणाला दाभणाने एक भोक पाडा आणि बाटली दाबून पाणी मारा. बाटली नसेल तर स्वच्छ पिशवीत पाणी भरून कोपऱ्याला टाचणीने भोक पाडा. धार जखमेपासून ३ ते ५ सेंटिमीटरवरून, थोडी तिरपी, म्हणजे घाण बाहेर वाहून जाते. अंदाज म्हणून जखमेच्या दर सेंटिमीटरला ५० ते १०० मिलिलिटर पाणी धरा. पाणी उडतं, तेव्हा चष्मा असेल तर घाला आणि तोंड बाजूला ठेवा.

पाण्याने न निघालेला कण चिमट्याने काढा. चिमट्याची टोकं ७० टक्के अल्कोहोलने पुसून सुकू द्या. मेणबत्तीवर धरू नका, काजळी बसते आणि ती जखमेत जाते. खोल रुतलेली काच किंवा लाकूड ओढून काढायचं नाही. तीच वस्तू कधी कधी रक्त अडवून धरत असते.

कोरा_कागद

पाण्याने धुतल्यावर अँटिसेप्टिक लावायचं की नाही? घरात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट दोन्ही आहे. फेस येतो म्हणजे जंतू मरतायत असंच समजत होतो.

पाणपोई

फेसाचा जंतूंशी फारसा संबंध नाही. रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचे ते बुडबुडे. जखमेत एकही जंतू नसला तरी फेस येईलच. ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड असो की स्पिरिट, दोन्ही जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही मारतात. स्पिरिट चिमट्याला, कात्रीला आणि जखमेच्या बाहेरच्या कातडीला वापरा. पेरॉक्साइड कपड्यावरचे रक्ताचे डाग काढायला ठेवा, तिथे ते उत्तम काम करतं, फक्त रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर लावून बघा, रंग उडू शकतो.

पोव्हिडोन आयोडिन असेल तर काठांना लावायला हरकत नाही. आयोडिनची किंवा थायरॉइडची तक्रार असणाऱ्यांनी तेही टाळावं. बाटलीतलं दाट अँटिसेप्टिक कधीच थेट ओतू नका, लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालूनच वापरायचं असतं. तसंच ओतलं तर कातडी भाजते.

आणि स्वयंपाकघरातली कुठलीही पूड, टूथपेस्ट, राख, टाल्कम पावडर जखमेत भरू नका. रक्त थांबल्यासारखं दिसतं कारण पूड ते शोषून घट्ट होते. पण ती निर्जंतुक नसते, आत कण राहतात आणि पुढे टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं.

निरगाठ

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा सहमत.

आता आवरण. जखमेला टेकणारा थर न चिकटणारा हवा. सुती कापड किंवा गॉझ थेट ठेवलं तर रक्तपाणी सुकून ते जखमेत रुजतं आणि काढताना नवी कातडी सोलून निघते. कापसाचे तंतू आत राहतात, तेव्हा कापूस जखमेवर थेट कधीच नको. टिश्यू पेपरही नको, ओला झाला की त्याचा लगदा होतो.

घरगुती उपाय सोपा आहे: सुती कापडाच्या तुकड्यावर पेट्रोलियम जेलीचा साधारण १ मिलिमीटरचा थर द्या आणि ती बाजू जखमेवर ठेवा. जेली डबीत असेल तर बोट घालू नका, धुऊन पुसलेल्या चमच्याने काढा. त्यावर शोषून घेणारी घडी. सॅनिटरी पॅड असेल तर तो कापून वापरता येतो. तो निर्जंतुक नसतो, पण स्वच्छ असतो, वरचा थर सहसा चिकटत नाही आणि शोषतो भरपूर. सुगंधी पॅड मात्र नको.

कापड तयार ठेवायचं असेल तर जुन्या पांढऱ्या सुती चादरीचे १० सेंटिमीटरचे चौकोन कापा, १० मिनिटं पाण्यात उकळा, धुतलेल्या हातांनी पिळा आणि कडक इस्त्रीने पूर्ण सुकवा. इस्त्री केलेली बाजू आत घेऊन घडी घाला आणि झिपच्या पिशवीत बंद करा. दमट कापड पिशवीत गेलं तर त्यावर बुरशी येते, सगळी मेहनत वाया.

उंबरठा

इथे थोडा मतभेद. छोटी जखम उघडी ठेवून सुकू द्यावी, हवा लागली की लवकर भरते, असंच सगळे सांगतात. जेली लावून ओली ठेवली तर पू होणार नाही का?

सुईदोरा

हवा लागून जखम भरते हा समज १९६२ सालीच खोटा ठरला. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. कारण साधं आहे. नव्या पेशी काठांकडून मध्याकडे सरकत येतात. पृष्ठभाग ओलसर असेल तर सरळ येतात, खपली धरली असेल तर तिच्या खालून वाट काढत येतात.

ओलसर आणि चिंब यात फरक मात्र आहे. पट्टीखालची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त झाली. अर्धा तास उघडी ठेवा, मग कोरडी पट्टी बांधा. पू जेलीने होत नाही, आत राहिलेल्या घाणीने होतो. अँटिबायोटिक मलम नसेल तर खंत करू नका, नीट धुतलेल्या किरकोळ जखमेला साधी जेली पुरते. निओमायसिनच्या मलमाने तर अनेकांना खाज आणि पुरळ येतं आणि लोक तेच संसर्ग समजून आणखी मलम थापतात.

कागदाने कापल्यासारखी केसाएवढी चीर किंवा नुसतं खरचटणं असेल तर धुऊन तसंच सोडलं तरी चालतं. घासली जाणारी किंवा मळणारी जागा असेल तरच झाका.

चिमटा_कात्री

पट्टी जागेवर धरण्याबद्दल आणि काठ जुळवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते लिहितो.

आपण जी चिकटपट्टी विकत घेतो तीही मुळात जुगाडच. १९२० मध्ये अर्ल डिक्सन यांनी स्वयंपाक करताना वारंवार कापून घेणाऱ्या पत्नीसाठी चिकट टेपवर मध्ये मध्ये गॉझचे तुकडे ठेवून ती बनवली. घरी आजही तसंच करता येतं: कागदी सर्जिकल टेपचा तुकडा, मध्ये जेली लावलेल्या कापडाची छोटी घडी. कागदी टेप नसेल तर मऊ कापडाची लांब पट्टी फाडून गुंडाळा आणि शेवटी टोक उभं चिरून दोन शेपट्या करून गाठ मारा. गाठ जखमेच्या बाजूला, वर नाही. पॅकिंगची टेप तासभर पट्टी धरायला ठीक, पण तिच्यातून हवा जात नाही आणि काढताना कातडी ओढते. वायरिंगची काळी टेप नको, ती ताणून लावली जाते आणि हळूहळू आवळत राहते.

काठ जरा उघडे आहेत पण जखम स्वच्छ, सरळ आणि उथळ आहे, तर टेपची फुलपाखरू-पट्टी करता येते. कागदी टेपचा ६ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद तुकडा घ्या. मधल्या १ सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी खाचा देऊन ते कान आतल्या बाजूला दुमडा. आता मधला पूल अरुंद झाला आणि त्याची चिकट बाजू झाकली गेली, म्हणजे जखमेला गोंद लागणार नाही.

कातडी अगदी कोरडी हवी. दोन्ही बाजूंना स्पिरिट पुसून अर्धा मिनिट सुकू द्या. पट्टीचं एक टोक एका बाजूला चिकटवा. मग काठ बोटांनी एकमेकांजवळ आणा आणि तेव्हाच दुसरं टोक चिकटवा. टेपने ओढून काठ जवळ आणायचे नाहीत. ओढलं की टेपच्या टोकाशी कातडी ताणली जाऊन फोड येतो. पहिली पट्टी जखमेच्या मधोमध, पुढच्या दोन्हीकडे, दोन पट्ट्यांत ३ मिलिमीटर फट सोडून, म्हणजे आतलं पाणी बाहेर येईल. काठ एकावर एक चढले तर ती पट्टी काढून पुन्हा लावा, नाहीतर जखम पायरीसारखी भरते.

चेहऱ्यावर ५ दिवस, इतरत्र ७ ते १० दिवस ठेवा. टोक सुटलं तर कात्रीने छाटा. काढताना दोन्ही टोकांकडून जखमेच्या दिशेने सोडवा. एका टोकाला धरून पलीकडे ओढलं तर भरलेले काठ उघडतात. ३ आठवड्यांनंतरही जखमेची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिस्स्याएवढीच असते.

ज्या जखमा अशा बंद करायच्याच नाहीत: प्राण्याचा किंवा माणसाचा चावा, खिळ्याने किंवा सुईने पडलेलं खोल भोक, आत घाण राहिल्याची शंका असलेली, आणि आदल्या दिवशीची जुनी.

कोरा_कागद

इन्स्टंट ग्लूने जखम चिकटवण्याचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. डॉक्टरही गोंदच लावतात ना?

चिमटा_कात्री

दोघांचं घराणं एक, गोंद वेगळे. डॉक्टर ऑक्टिल किंवा ब्युटिल सायनोअॅक्रिलेट वापरतात, ते लवचीक असतं आणि कमी तापतं. घरातला गोंद बहुधा इथाइल असतो. तो घट्ट होताना तापतो, कडक होऊन तडकतो, आणि मोडून निघणारी द्रव्यं कातडीला चुरचुरतात. शिवाय ट्यूब निर्जंतुक नसते. वैद्यकीय गोंदसुद्धा जुळवलेल्या काठांच्या वरून लावतात, जखमेत कधीच नाही. घरी कुणी तो आत ओततं, मग काठांमध्ये गोंदाची भिंत उभी राहते आणि जखम भरूच शकत नाही. नको म्हणजे नको.

उंबरठा

पटलं. बोटाच्या टोकाला आणि सांध्यावर पट्टी टिकतच नाही, त्यावर काही?

निरगाठ

बोटाबद्दल सगळ्यात आधी: अंगठी लगेच काढा. अर्ध्या तासात सूज आली की साबण लावूनही निघत नाही.

टोकासाठी चिकटपट्टीच्या दोन्ही चिकट बाजू गॉझपर्यंत मधोमध उभ्या चिरा, म्हणजे चार शेपट्या होतात. गॉझ टोकावर ठेवा आणि शेपट्या तिरप्या, एकमेकींना ओलांडून खाली चिकटवा. सांध्यासाठीही हीच पट्टी, दोन शेपट्या सांध्याच्या वर, दोन खाली. बोट किंचित वाकवून चिकटवा. सरळ बोटावर लावलेली पट्टी पहिल्यांदा मूठ वळताच सुटते.

टेप बोटाभोवती पूर्ण कड्यासारखी गुंडाळू नका, तिरपी नेत जा. बांधून झाल्यावर नख दाबून पांढरं करा आणि सोडा. २ सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, बोट गार पडलं किंवा मुंग्या आल्या तर सैल करा.

पाण्यात काम असेल तर रबरी मोज्याचं एक बोट कापून पट्टीवर चढवा. काम संपल्यावर लगेच काढा, आत घाम साचतो.

बोटाच्या कातडीचा पापुद्रा उचकटला असेल तर तो कापून टाकू नका. खालून धुवा, परत जागेवर पसरा आणि जेलीच्या कापडाने झाका. बरेचदा तो धरतो, नाही धरला तरी खालच्या कोवळ्या कातडीला काही दिवस छत मिळतं.

सुईदोरा

धनुर्वाताचं राहिलं. गंज लागलेलं लोखंडच धोकादायक आणि चकचकीत चाकू सुरक्षित, असं नाही. गंजात धनुर्वात नसतो. त्याचे बीजाणू मातीत, धुळीत आणि जनावरांच्या शेणात असतात आणि त्यांना हवा नसलेली जागा मानवते. म्हणून खिळ्याने पडलेलं अरुंद, खोल भोक वाईट, दिसायला छोटं असलं तरी.

लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला, शेवटची लस १० वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा घ्यावी. मातकट किंवा खोल जखमेला हीच मर्यादा ५ वर्षांची. डोस कधी पूर्णच झाले नसतील किंवा आठवत नसतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, मळलेल्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं. दुसऱ्या दिवशी आठवलं तरी जा, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत येतात.

प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं तर सगळं बाजूला ठेवून साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

पाणपोई

डॉक्टरकडे कधी, तर धुतल्यावर दोन चाचण्या करा. जखमेच्या पलीकडची कातडी कापडाच्या टोकाने हलकेच स्पर्शून बघा, बधिर वाटते का. मग त्या बोटाचा प्रत्येक सांधा एकेक करून, थोडा विरोध देऊन, वाकवा आणि सरळ करा. बधिरपणा असेल, हालचाल होत नसेल किंवा हलवताना खूप दुखत असेल तर मज्जातंतू (नर्व्ह) किंवा स्नायूबंध कापला असू शकतो. जखम १ सेंटिमीटरची असली तरी हे होतं आणि घरी केलेल्या सुबक पट्टीखाली ते झाकलं जातं.

याशिवाय: आत पिवळी चरबी दिसते, काठ सोडल्यावर उघडतात, जखम पापणीवर किंवा ओठाच्या कडेवर आहे, किंवा माणूस रक्त पातळ करणारी औषधं घेतो. टाके लागणार असतील तर ६ ते ८ तासांच्या आत पोचलेलं बरं. मधुमेह असेल तर पायाची छोटी जखमही दाखवा.

कोरा_कागद

आणि पट्टी किती दिवसांनी बदलायची? चिकटून बसली तर?

निरगाठ

रोज एकदा, आणि ओली किंवा मळकी झाली की लगेच. चिकटली तर ओढू नका, पाण्यात ५ ते १० मिनिटं भिजू द्या, आपोआप सुटते. कातडीवर राहिलेला गोंद तेलाच्या बोटाने निघतो, पण नंतर साबणाने धुवा, नाहीतर पुढची टेप चिकटणार नाही.

पहिले दोन दिवस काठांना बारीक लाली आणि पातळ पिवळसर पाणी असणारच, तो पू नाही. पू दाट, गढूळ आणि बहुधा वास येणारा असतो. ४८ तासांनंतर ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी दाखवा. लाल रेषा हातावरून वर चढताना दिसल्या किंवा ताप, थंडी वाजून आली तर उद्याची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.